झाडीपट्टीचा आवाज आणि मूलपेशींचा उपचार

धानाची कापणी आटोपली की चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावोगावी मंडई भरते आणि नाटकाचा मांडव उभा राहतो. देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचे प्रमुख केंद्र होय. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा नव्या गावी उभे राहावे लागते. २०२३ साली या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. थंडी, धूळ, जागरण आणि चढ्या आवाजातील संवाद यांचा सारा भार मात्र कलावंताच्या गळ्यातील दोन इवल्याशा घड्यांवर पडतो. भरलेल्या वर्गापुढे दिवसभर बोलणाऱ्या शिक्षकाची स्थितीही याहून फारशी निराळी नसते.

या घड्यांना स्वरतंतू म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः त्या तारेसारख्या नसतात. जपानमधील डॉ. मिनोरू हिरानो यांनी १९७४ साली त्यांची थरांची रचना स्पष्ट केली. वर पातळ आवरण, त्याखाली लुसलुशीत मऊ थर, आणि त्याखाली बंध व स्नायू. उच्छ्वासाच्या झोताने वरचा भाग स्नायूवरून लाटेसारखा सरकतो, पुरुषांत सेकंदाला शंभराहून अधिक, तर स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा. शस्त्रक्रिया, इजा, किरणोपचार किंवा दीर्घकाळचा ताण यांमुळे मऊ थराला जखम झाली, की ती भरताना तेथे ताठर तंतू साचतात. हाच व्रण. लाट तेथे अडते, घड्या नीट मिटत नाहीत, हवा निसटते आणि आवाज घोगरा व दुबळा होतो.

व्रण कापून काढावा, तर नवा व्रण येण्याचा धोका असतो. म्हणूनच शास्त्रज्ञ मूलपेशींकडे, अर्थात स्टेम सेलकडे, वळले. स्वीडनमध्ये १६ रुग्णांचा व्रण काढून त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी वाढवून तेथे टोचण्यात आल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका वर्षानंतर सुमारे दोनतृतीयांश रुग्णांच्या स्वरतंतूंचे कंपन सुधारले. आपला आवाज स्पष्टपणे सुधारल्याचे मात्र निम्म्यांनाच जाणवले. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. निष्कर्ष आशादायक खरे, परंतु १६ रुग्णांवरून उपचारपद्धती सिद्ध होत नाही.

भारतातील २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारांसारख्या मान्य आजारांतील अस्थिमज्जारोपण वगळता मूलपेशींचा वापर केवळ मंजुरीप्राप्त वैद्यकीय चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात. तेव्हा आवाज परत आणण्याची हमी देऊन लाखाची रक्कम सांगणाऱ्याकडे कोणी शेत गहाण टाकून निघाला असेल, तर चाचणीची नोंदणी कोठे आहे, हा प्रश्न त्याला सरपंचांनी किंवा गुरुजींनी अवश्य विचारावयास सांगावा.

शिवाय बसलेला प्रत्येक आवाज व्रणामुळे बसत नाही. सतत ओरडण्याने येणाऱ्या लहान गाठी पुष्कळदा विश्रांती व वाचोपचाराने विरतात. क्षयरोग किंवा कर्करोग यांचेही हे पहिले लक्षण असू शकते. खर्रा व बिडीचे व्यसन सर्वत्र पसरलेल्या या भागात त्याकडे काणाडोळा करणे घातक ठरते. तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिलेला आवाज कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावा. चंद्रपूर येथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दुर्बिणीने स्वरयंत्र पाहण्यास काही मिनिटेच लागतात.