चूक टांकसाळीची की कानशीची?

अगं, तू एरर कॉइन, म्हणजे टांकसाळीच्या चुकीने वेगळी निघालेली नाणी, जमवायला लागलीस हे ऐकून मावशीला फार आनंद झाला. सोन्या-चांदीच्या जुन्या नाण्यांना पैसे लागतात, या छंदाला मात्र डोळे लागतात. पण फसवणूकही इथे तेवढीच. कानस, व्हाइस, ॲसिड आणि डिंक हाताशी असला की कुणीही घरबसल्या ‘दुर्मीळ’ नाणं तयार करतं. म्हणून इतकी वर्षं नाणी हाताळून जे हाती लागलं, ते तुला सांगून ठेवते.

नाणं कसं जन्मतं ते आधी शिक

धातूच्या लांब पट्टीतून चकत्या कापल्या जातात. चकतीची कड दाबून किंचित उचलतात. मग तिला भट्टीत तापवून मऊ करतात आणि धुऊन प्रेसवर नेतात. तिथे एक ठसा वर, एक खाली आणि भोवती पोलादी कॉलर असते. दाब बसला की छापा, काटा आणि कड तिन्ही एकदम तयार होतात.

हे डोक्यात पक्कं बसलं की कुठलंही विचित्र नाणं हातात घेऊन एकच प्रश्न विचार: ही चूक चकतीची, ठशाची की दाबाची? टांकसाळीत चुकीला चौथी जागा नाही. विकणाऱ्याला आणि तुला, दोघांनाही जागा सांगता आली नाही, तर ते नाणं खाली ठेव.

आधी वजन, मग गोष्ट

दहापट भिंग, चुंबक, कॅलिपर आणि 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा एवढी हत्यारं पुरेत. त्याच प्रकारचं एक साधं, बिनचुकीचं नाणं शेजारी ठेव. तुलना केल्याशिवाय मत द्यायचं नाही. 2011 च्या मालिकेची वजनं पाठ कर: रुपया 3.79 ग्रॅम, दोन रुपये 4.85, पाच रुपये 6, दहा रुपये 7.71. किंचित फरक चालतो. पण अख्खं दिसणारं नाणं बरंच हलकं भरलं आणि त्यावरची अक्षरं सगळीकडून सारखीच बोथट झाली असतील, तर ते ॲसिडमध्ये बुडवलेलं समज. ‘पातळ चकती’ म्हणून हाच माल खपवतात.

चुंबकही खूप बोलतो. 1992 पासूनचा स्टीलचा रुपया चिकटतो, 1975 ते 1991 चा तांबं-निकेलचा चिकटत नाही, आणि 1950 चा शुद्ध निकेलचा पुन्हा चिकटतो. तांबूस रुपया दाखवून कुणी ‘तांब्याच्या चकतीवर पडलाय’ म्हणालं तर आधी चुंबक लाव. चिकटला तर आत स्टीलच आहे, वर नुसता मुलामा.

कापलेल्या नाण्याची समोरची कड बघ

मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली, तर पुरीला चंद्रकोरीसारखा चावा पडतो. क्लिप नाणं असंच होतं. पट्टी पुढे नीट सरकली नाही की चकती अपुरी कापली जाते. ही चकती कड उचलणाऱ्या यंत्रात गेली की कापलेल्या जागी दाब मिळत नाही, त्यामुळे तिच्या बरोबर समोरची कडही नीट उचलली जात नाही. म्हणून खऱ्या क्लिप नाण्यात चाव्याच्या समोरची कड बहुधा फिकी किंवा सपाट दिसते. चाव्याजवळची अक्षरंही ओढल्यासारखी असतात, कारण दाब बसताना धातू त्या मोकळ्या जागेकडे सरकला.

कानशीने घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. अक्षर मध्येच सपकन तुटतं आणि भिंगाखाली कानशीचे समांतर ओरखडे दिसतात. क्लिप दाखवली की आधी नाणं फिरवून समोरची बाजू बघायची, हे कधी विसरू नकोस.

लाखीत फसू नकोस

ब्रॉकेजला आपल्याकडचे व्यापारी ‘लाखी’ म्हणतात. छापलेलं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढची चकती त्याच्याखाली येते. मग तिच्या एका बाजूला नेहमीचं उठावाचं चित्र येतं आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोलगट. म्हणजे खऱ्या लाखीत दोन्हीकडे एकच चित्र हवं.

बनावट लाखी दोन नाणी व्हाइसमध्ये आवळून करतात. खोलगट ठसा उमटतो खरा, पण खाली त्या नाण्याचं मूळ चित्र चेपलेलं शिल्लक असतं आणि पाठीमागची बाजूही दबलेली असते. खोलगट चित्राखाली दुसऱ्या चित्राचा माग दिसला, की व्यवहार तिथेच संपव.

दोन्हीकडे छापा असलेल्या नाण्याबाबत तर फारच जपून. बहुतेक वेळा एक नाणं आतून पोखरून त्यात दुसऱ्याचा कापलेला अर्धा भाग बसवलेला असतो. सांधा कडेच्या आतल्या बाजूला लपवतात, तिथे भिंग फिरव. मग ते आणि त्याच प्रकारचं एक साधं नाणं लाकडी टेबलावर टाकून ऐक. अखंड नाणं खणकतं, जोडलेलं बद्द वाजतं.

सरकलेलं आणि पसरलेलं

ऑफ-सेंटर नाण्यात चकतीच मुळात ठशांच्या मधोमध नसते, म्हणून चित्र दोन्हीकडे सारखंच सरकलेलं हवं. छापा पाव भागाने सरकला आणि काटा जागच्या जागी, असं दिसलं तर आधी संशय घे. खऱ्या ऑफ-सेंटर नाण्यांतही वर्ष दिसणारं मिळालं तर उत्तम.

कॉलर नसताना दाब बसला तर नाणं पसरतं, पण त्यावरचं चित्र रेखीव राहतं. रेल्वेच्या रुळावर ठेवलेलं किंवा हातोडीने ठोकलेलंही पसरतं. त्यात मात्र चित्र चेपून पुसट होतं.

भेग उंच, ओरखडा खोल

ठशाला तडा गेला की त्या फटीत धातू शिरतो, म्हणून नाण्यावर ती रेघ उंच उठते. ओरखडा खोल जातो. नखानेही फरक कळतो.

एखादं अक्षर गायब असेल तर त्या जागेचा पृष्ठभाग बघ. ठशात ग्रीस भरून अक्षर उमटलं नसेल तर जागा आजूबाजूसारखीच नितळ असते. खरवडलं असेल तर भिंगाखाली रेघा दिसतात आणि तिथली चमक वेगळी वाटते. वर्षाखालची टांकसाळीची खूण अशीच खरवडतात. मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नसते. म्हणून ‘मिंट मार्क नाही, मोठी एरर’ असं कुणी म्हणालं तर ते कोलकात्याचं साधं नाणं असणार, नाहीतर खरवडलेलं.

दुहेरी अक्षरांचंही तसंच. ठसा हादरून अक्षराला पायरीसारखी सपाट किनार येते. ही वारंवार होणारी गोष्ट आहे, तिला किंमत नाही. ठसा घडवतानाच अक्षर दोनदा कोरलं गेलं, तर दोन्ही अक्षरं गोलसर, उठावदार आणि टोकाशी दुभंगलेली दिसतात. जमवायचं ते हे.

दहा रुपयांचं नाणं नीट तपास

त्याचं मधलं वर्तुळ आणि बाहेरचं कडं दाब बसतानाच एकमेकांत घट्ट होतात. मधला भाग ठोकून काढून उलटा किंवा तिरका बसवणं सोपं आहे. जोडाच्या फटीत खरचटल्याच्या खुणा असल्या, बोटाने मधला भाग हलला, तर ते टांकसाळीचं काम नाही. आणि नुसतं चित्र वेगळं म्हणून एरर समजू नकोस. 2018 पर्यंतच दहाच्या नाण्यांची 14 चित्रं चलनात आली होती आणि सगळी खरी आहेत, असं रिझर्व्ह बँकेनेच तेव्हा सांगितलं होतं.

पैसे देण्याआधी

दोन्ही बाजू, कड आणि वजन दिसेल असे फोटो माग. द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर. वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखाला जातं, अशा बातम्यांवर विश्वास ठेवू नकोस. ते 2012 मध्ये निघालेलं स्मारक नाणं आहे, त्यात चूक काहीच नाही. जुनी नाणी विकून देतो म्हणून कुणी आधी कमिशन किंवा कर मागितला तर फोन ठेव. रिझर्व्ह बँकेचं नाव आणि चिन्ह वापरून असे प्रकार चालतात, बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना त्याबद्दल सावध केलंय.

नाणं कधी घासू नकोस, चिंच-लिंबू लावू नकोस. खरेपणाचा पुरावा त्या पृष्ठभागावरच असतो आणि घासलं की तोच जातो. कडेला धरायचं, तिरप्या उजेडात बघायचं. जमलं तर नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे, तिथे एक दिवस काढ. शेकडो खरी नाणी पाहिलेल्या डोळ्याला खोटं पटकन खटकतं.

शेवटचं सांगते, ते विकतानाचं. तुझ्याकडचं एखादं नाणं संशयाचं वाटलं तर ते एरर म्हणून कुणाला देऊ नकोस. संशय तोंडावर सांग, हवं तर त्यावर चिठ्ठी लाव. या छंदातल्या लोकांची एकमेकांशी ओळख असते. तुझा शब्द खरा ठरत गेला की चांगलं नाणं हाती आलेला माणूस आधी तुलाच फोन करेल.