इंजिन तापल्यावरच का थरथरते?



सकाळी गाडी सुरू केली की इंजिन सुरळीत चालते. दहा-पंधरा मिनिटांनी सिग्नलला थांबल्यावर मात्र स्टिअरिंग आणि आरसा थरथरू लागतो. घरच्या गाडीत आणि युनिटच्या पेट्रोल जिप्सीतही हा दोष आढळतो. अनेकदा एकामागून एक भाग बदलले जातात, पैसे जातात, पण थरथर जात नाही. म्हणून आधी कारण समजून घेऊ आणि मगच पाना हातात घेऊ.

थरथर येते कोठून?

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. आयडलिंगला मिनिटाला ८०० फेरे धरले, तर एक सिलिंडर ४०० वेळा पेटतो आणि चारही मिळून १६०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. एवढे जलद धक्के इंजिनाखालची रबरी माउंटिंग शोषून घेतात. एक सिलिंडर पेटेनासा झाला, की सेकंदाला जवळजवळ ७ वेळा एक धक्का चुकतो. हा संथ हिसका रबराला आवरत नाही आणि गाडीभर जाणवतो. यालाच मिसफायर म्हणतात.

थंड असताना दोष का लपतो?

थंड इंजिनाला संगणक जास्त पेट्रोल देतो आणि आयडलिंगही चढे ठेवतो. इंजिन तापले की पेट्रोल कमी होऊन हवा-पेट्रोलचे प्रमाण वजनाने १४.७ : १ च्या आसपास येते व फेरे उतरतात. आता लहानसा दोषही उघडा पडतो. नेहमीची कारणे अशी :

१. इग्निशन कॉइल : उष्णतेने आतल्या तारेचा रोध वाढतो, इन्सुलेशनमधील बारीक तडा काम बिघडवतो आणि ठिणगी क्षीण होते.
२. इनटेकमधील हवागळती : फुटलेल्या व्हॅक्यूम नळीतून जादा हवा शिरते. थंड असताना जास्तीचे पेट्रोल ती भरून काढते, तापल्यावर नाही.
३. तापमान सेन्सर : इंजिन तापले तरी तो ‘थंड’ असेच कळवत राहिला, तर पेट्रोल जास्त जाते, काळा धूर येतो आणि प्लगवर काजळी बसते.
४. व्हॉल्व्हची फट : तापलेला व्हॉल्व्ह लांबीने वाढतो. टॅपेटची फट कमी ठेवली असेल, तर तो पुरता मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी : सायलेन्सरचा आवाज ऐका आणि टॅकोमीटरचा काटा पाहा. आवाज एकसारखा, काटा स्थिर आणि तरीही गाडी थरथरते, तर माउंटिंगचे रबर तपासा. आवाज मधूनच तुटतो, काटा डळमळतो, तर तो मिसफायर.

दुसरी पायरी : सिलिंडर ओळखा. स्कॅनरवर पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी कोड आला, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी ०३०० म्हणजे मिसफायर एका ठरावीक सिलिंडरपुरता नाही. अशा वेळी हवागळती आणि पेट्रोलचा दाब आधी पाहा. स्कॅनर नसेल, तर आयडलिंगला इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढा व परत लावा. जो काढल्यावर फेरे उतरत नाहीत, तो सिलिंडर आधीच निकामी आहे.

तिसरी पायरी : अदलाबदल करा. समजा पी ०३०२ आला. इंजिन बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसांत बदला, कोड पुसा आणि इंजिन पुन्हा तापवा. आता पी ०३०३ आला, तर कॉइलच दोषी. पी ०३०२ कायम राहिला, तर कॉइल निर्दोष. आता प्लगची, मग इंजेक्टरची अशीच अदलाबदल करा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर पुराव्याची सरमिसळ होते.

चौथी पायरी : कॉम्प्रेशन मोजा. एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला, तर रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील, तर संशय गॅस्केटवर.

दुरुस्तीनंतर गाडी पूर्ण तापवून आयडलिंगला पुन्हा पाहावी. थंड इंजिनावर ‘झाले’ म्हणणे म्हणजे तपासणी अर्धवट सोडणे.

टाळाटाळ का नको?

न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो महागडा भाग जळून जातो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला, की वेग कमी करून सुरक्षित जागी थांबा. घाटात ताफ्यातील एक गाडी बंद पडली, तर मागच्या सगळ्या गाड्या अडकतात.

सावधगिरी

गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सैल बाह्या फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवा. चालू इंजिनाच्या कॉइलला व प्लगच्या वायरीला हात लावू नका. हे काम प्रशिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

स्वाध्याय

१. आयडलिंग ९०० फेऱ्यांवर असताना एक सिलिंडर बंद पडल्यास सेकंदाला किती धक्के चुकतील?
२. पी ०३०४ कोड आला. चौथी आणि पहिली कॉइल बदलल्यावरही तोच कोड राहिला. पुढे काय तपासाल? का?
३. फक्त आयडलिंगला थरथर आहे, वेग घेतल्यावर नाही. हवागळतीचा संशय का घ्यावा?