आधी वस्तू ओळख

चि. सोनी,

तुळजापूरच्या दुकानात लेझर मशीन बसलं आणि बँकेचा हप्ताही सुरू झाला, असं ताई फोनवर म्हणाली. नवरात्राच्या आत काम चालू व्हावं ही तुझी घाई मला कळते. पण सोलापुरात पाट्या आणि ट्रॉफ्या करण्यात माझी उमर गेली, त्या हक्कानं सांगतो: सुरुवातीला ऑर्डरी थोड्या घे आणि वस्तू ओळखायला शीक. बटणं दाबायला कुणीही शिकतं.

तुझं मशीन सीओटू लेझरचं आहे. हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये डॉ. कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. दुकानात येणाऱ्या शाळकरी पोरांना हे जरूर सांग. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. लाकूड, कागद, चामडं, अ‍ॅक्रिलिक तो शोषून घेतात आणि जळतात, नाहीतर त्यांची वाफ होते. तांबं, पितळ, स्टील मात्र तो परतवून लावतात. लग्नसराईत कुणी भांड्यांवर नावं घालायला आलं, तर हे काम फायबर लेझरचं आहे असं सरळ सांग. ‘बघू करून’ म्हणत भांडी ठेवून घेऊ नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पीव्हीसी मशीनमध्ये कधीही घालू नकोस. फ्लेक्सवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड आणि बहुतेक रेक्झिन हे त्यातलेच. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. तो छातीत जातो, आणि मशीनच्या रुळांना, आरशांना गंज चढवतो. गिऱ्हाईक स्वतःची शीट आणून ‘हे अ‍ॅक्रिलिकच आहे’ म्हणेल. तेव्हा दुकानाबाहेर मोकळ्या हवेत तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल कर, तिचं टोक त्या प्लास्टिकला टेकव आणि पुन्हा ज्योतीत धर. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे. शीट परत दे, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

अ‍ॅक्रिलिकमध्येही दोन जाती आहेत. कास्ट शीटवर कोरलं की अक्षर दुधासारखं पांढरं उठतं; एक्स्ट्रुडेड स्वस्त पडते, पण तिच्यावरचं कोरीव काम फिकं दिसतं. एमडीएफ ३ मिमीची म्हणून घेतलीस तरी व्हर्नियरनं मोज, कारण खाचेत खाच बसवायची डबी थोड्याशा फरकानंही सैल होते. किरणाची रेघ स्वतःही ०.१ ते ०.२ मिमी खाते, तेही हिशेबात धर. प्लायवूडमध्ये डिंकाचा गोळा नाहीतर पोकळी आली की नेमकं तिथे अडतं. काळ्या पॉलिश ग्रॅनाइटवर अक्षर करडं-पांढरं उमटतं आणि सुरेख दिसतं, पण ते वरच्या वर असतं. छिन्नीसारखी खोली त्यातून मिळायची नाही. प्रत्येक नव्या मालाचा एक तुकडा घेऊन त्यावर वेगवेगळ्या स्पीड आणि पॉवरचे चौकोन पाड, आकडे तिथेच कोर आणि तो तुकडा भिंतीला टांग.

तुझ्याकडे सगळ्यात जास्त मागणी नावांची असेल. देवनागरी कापून काढायला मोठी सोयीची लिपी आहे, कारण शिरोरेषा अख्खा शब्द धरून ठेवते. पण कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं एकमेकांत वेल्ड केल्याशिवाय फाइल सोडू नकोस, नाहीतर मशीन शिरोरेषेवरच प्रत्येक अक्षर वेगळं करेल. आणि ‘तुळजाभवानी’ कापताना ‘भ’ नीट बघ. थ, ध, भ यांच्या डोक्यावर शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ‘धाराशिव’मध्ये ‘ध’ पहिलाच असल्यानं काही बिघडत नाही. ‘तुळजाभवानी’चे मात्र ‘जा’पाशी दोन तुकडे होतात. तिथे ‘भ’ची गाठ ‘जा’च्या कान्याला हळूच टेकव, नाहीतर शब्दाखालून एक पट्टी घे. ‘मंदिर’मधला अनुस्वार सुटा पडतो, त्याला बारीक देठ दे. रंगकामाचा स्टेन्सिल काढताना उलटं होतं: ‘व’ आणि ‘ळ’च्या पोटातले तुकडे गळून पडतात, त्यांना धरायला पूल ठेवावे लागतात. हे फाँट करून देत नाही. डोळ्यांनी बघूनच करावं लागतं.

आणि डिझाइनचं म्हणशील तर इंटरनेटवरची तीच मंडलं आणि तेच मोर कापत बसू नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तेर तुझ्या जिल्ह्यातच आहे. तिथल्या उत्तरेश्वर मंदिराची जुनी कोरीव लाकडी चौकट पाहा, लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती पाहा. वही घेऊन जा आणि हातानं रेखाटून आण. चौकटीतल्या कोरीव कामाला उठाव सावलीमुळे येतो. लेझर तेवढं खोल कोरत नाही, पण ३ मिमी एमडीएफचे तीन-चार थर वेगवेगळे कापून एकावर एक चिकटवलेस तर तशी सावली तुझ्या कामातही पडेल. नळदुर्गच्या पाणीमहालाची कमान अशीच थरांत करून बघ. यात्रेकरू अशी वस्तू घरी नेऊन भिंतीला लावतील. चामड्याच्या पाकिटावर मात्र देवीचं चित्र कुणी मागितलं तरी कोरू नकोस.

आता मशीनची काळजी. लेझरची ट्यूब थंड ठेवणाऱ्या चिलरमध्ये बोअरचं पाणी घालायचं नाही, डिस्टिल्डच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की ट्यूबचं आयुष्य घटतं, म्हणून चैत्र-वैशाखात दुपारी मोठं काम लावू नकोस. एक्झॉस्टचा पाइप रस्त्याकडे काढू नकोस, वर छपरापार ने. जॉब चालू असताना चहालाही उठायचं नाही; एमडीएफ कधी पेट घेईल सांगता येत नाही. अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेव आणि तो कसा वापरायचा ते आईलाही दाखव.

तुझा,
मामा