मुलीला मणी करू द्या, पण टॉर्चआधी भट्टी घ्या

निकाल लागले की परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडहून फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला: नीटसाठी लातूरला ठेवू की नांदेडला? मुलाला काय आवडतं, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर होत्या. तिसऱ्या प्रयत्नाची फी भरण्याआधी हे दोन आकडे घरात मोठ्याने वाचा. आयटीआय, डिप्लोमा, कृषी विद्यापीठ यांची माहिती सगळीकडे मिळते. त्यात जागा घालवत नाही.

यंदा एक वेगळा प्रश्न आला. मुलगी व्हिडिओ बघून काचेचे मणी करायचं म्हणते, घरी स्टुडिओ टाकून देऊ का? आणि पाठोपाठ, लोक काय म्हणतील?

लोकांचं राहू द्या. मराठवाड्यातच धाराशिव जिल्ह्यात तेरला, म्हणजे सातवाहनकाळच्या तगर नगरात, उत्खननात काचेचे मणी निघाले आहेत. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुर्दिलनगरात आजही घराघरांत मणी होतात. वाराणसीच्या मण्यांना भौगोलिक मानांकन आहे. हे पोट भरणारं काम आहे.

आता काम काय ते समजून घ्या. स्टीलच्या बारीक सळईला मातीचा लेप द्यायचा, गॅसच्या टॉर्चच्या ज्योतीत काचेची कांडी वितळवायची आणि सळई फिरवत तो रस तिच्यावर गुंडाळायचा. हात बसला की हे जमतं. घात होतो तो नंतर. मणी उघड्यावर थंड झाला तर वरची काच आधी घट्ट होते, आत ताण राहतो आणि विकलेला मणी आठवड्याने तडकतो. म्हणून सोड्याच्या काचेचा मणी साधारण ५०० अंशांच्या विजेच्या भट्टीत ठेवून सावकाश थंड करावा लागतो. पालक झगमगीत टॉर्च घेतात आणि भट्टी 'नंतर बघू' म्हणतात. भट्टी आधी घ्या. वीज गेली तर तिचं दार उघडू नका, हेही मुलीला सांगून ठेवा. बाटलीची काच आणि विकतची कांडी एका मण्यात मिसळायची नाही. दोन्ही सारख्या आकुंचन पावत नाहीत.

स्वयंपाकघरात हे काम नको. वेगळी खोली, पत्र्याचं टेबल, धूर बाहेर ओढणारा पंखा आणि ज्योतीचा पिवळा झगमगाट अडवणारा खास चष्मा हवा. साधा गॉगल चालत नाही. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याला वापरायला मनाई आहे, १९ किलोचं व्यावसायिक घ्यावं लागतं.

विकायला निघालात की किलोवर विकल्या जाणाऱ्या मण्यांशी भावात लढू नका, हराल. भांडवलाचं म्हणाल तर, पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत मणीकाम नाही. त्यातून पैसे काढून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कर्ज हवंच असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी परभणीच्या जिल्हा उद्योग केंद्रात करा. वय १८ पूर्ण लागतं.

पालकांना स्पष्ट सांगते. 'लग्न होईपर्यंत वेळ जाईल' म्हणून स्टुडिओ टाकणार असाल तर एक रुपयाही घालू नका. मुलीला ते कळतं आणि तिचा हात तिथेच थांबतो. दर महिन्याला 'किती सुटले?' विचारणार असाल तरीही नको. डॉक्टरकीसाठी तुम्ही दहा वर्षं थांबायला तयार असता. इथे दोन वर्षं तरी थांबा. आणि मुलींनो, बारावी सोडू नका. हिशेब, बिल, ग्राहकाशी पत्रव्यवहार, सगळं तुम्हालाच करायचं आहे.

फिरोजाबादला काच उद्योग विकास केंद्र आहे. मुलीला लातूरच्या वसतिगृहात दोन वर्षं ठेवायला तुम्ही तयार होता. मग आधी तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा, तिला पाठवा आणि ती शिकून आल्यावरच खोलीला हात लावा.