थ्रेड बदलताना काय जपशील

भाचीबाई, बंगळुरूत आज एक्स८६ची टीम, उद्या आर्मची, परवा रिस्क-फाइव्हचा बोर्ड. तुझी घाई मला ठाऊक आहे, म्हणून असेंब्लीला हात लावण्याआधी एवढं वाच.

१. आधी त्या प्रोसेसरचा एबीआय उघड — थ्रेड आपणहून थांबतो तेव्हा बरेचसे रजिस्टर कंपायलरनं आधीच सांभाळलेले असतात. बोलावलेल्या फंक्शननं राखायचे असतात, तेवढेच तू जपायचे.

२. लिनक्सवरच्या एक्स८६-६४ला आरबीएक्स, आरबीपी, आर१२ ते आर१५ आणि स्टॅक पॉइंटर पुरतात. विंडोजवर आरएसआय, आरडीआय आणि एक्सएमएम६ ते १५ही घे — सासर बदललं की सण तेच, रीत निराळी.

३. ६४ बिटी आर्मवर एक्स१९ ते एक्स३० आणि एसपी सगळ्यांना आठवतात, डी८ ते डी१५ राहून जातात — आणि मग दशांशाचं एखादं गणित कधीतरीच चुकतं, म्हणून चोर सापडत नाही.

४. रिस्क-फाइव्हसाठी एमआयटीच्या एक्सव्ही६मधलं 'स्विच' निवांत वाच — आरए, एसपी, एस० ते एस११ असे १४ रजिस्टर, बस्स. तुझा कोड फ्लोटिंग पॉइंट वापरत असेल तर एफएस० ते एफएस११ही जप.

५. टायमरच्या इंटरप्टनं थ्रेड मधेच तोडलास तर सगळेच रजिस्टर ठेव — बिचाऱ्याला आवराआवर करायला वेळच मिळालेला नसतो.

६. नव्या थ्रेडचा पहिला स्टॅक हातानं मांडताना १६ बाइटची सीमा तपास. एक्स८६-६४वर फंक्शनमध्ये शिरताना आरएसपी त्या सीमेपासून ८नं हटलेला असावा लागतो — नाहीतर पहिल्याच मोव्हॅप्सला सगळं कोसळतं, आणि तू दोष भलतीकडे शोधत बसतेस.

७. ही बदलाबदली एका छोट्या फाइलीत कोंड, शेड्यूलर सीमध्ये ठेव — यंत्रं बदलतात गं. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१मध्ये परम ८००० उभा केला तो ट्रान्सप्युटरवर. तिथे प्रोसेस बदलणं चिपच करायची, आणि नेहमीच्या बदलात सूचनेचा पत्ता आणि कामाच्या जागेचा पत्ता एवढंच जपलं की भागायचं. पुढे परम ९००० स्पार्कवर आला, जिथे बदलण्याआधी रजिस्टरांच्या खिडक्याच मेमरीत रित्या कराव्या लागतात. आणि तुझ्या शेजारच्या आयआयएससीतला २०२२चा परम प्रवेग इंटेलवर चालतो. एकाच घराण्यात इतक्या तऱ्हा!

८. थ्रेड 'तयार' असल्याचं रजिस्टर पुरते ठेवून झाल्यावरच जाहीर कर, तेही रिलीज स्टोअरनं — नाहीतर दुसरा कोर त्याला उचलतो आणि एका स्टॅकवर दोघं नांदू लागतात.

९. प्रत्येक थ्रेडच्या प्रत्येक रजिस्टरात वेगळा आकडा भरून लाखभर अदलाबदली करून बघ. क्यूईएमयूवर झाल्यावर खऱ्या आर्म बोर्डावरही पळव — एक्स८६च्या लॅपटॉपवर मेमरीच्या क्रमाचे घोटाळे सहसा दडून राहतात.