भंडाऱ्यात 800 फुटांचं घर: कोणता पैसा कुठे जातो

घर बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, "चौरस फुटाला काय भाव चाललाय?" ठेकेदार एक आकडा सांगतो, आपण त्याला 800 ने गुणतो आणि आलेल्या रकमेवर कर्ज, सोनं, धानाचे पैसे यांचा मेळ घालायला बसतो. भंडारा, तुमसर, साकोलीत अर्धवट राहिलेली जी घरं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच घरांची गोष्ट याच गुणाकारापासून सुरू झालेली असते. त्या भावात काय धरलं आहे आणि काय बाहेर ठेवलं आहे, हे कुणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आधी हिशेब मांडू. तळमजल्याचं, स्लॅबचं, 800 चौरस फुटांचं साधं पण पक्कं घर घ्या. अशा घराला साधारण 350 पोती सिमेंट, 2,800 किलो लोखंड, 15 ब्रास रेती, 11 ब्रास गिट्टी आणि 14,000 विटा लागतात. ब्रास म्हणजे 100 घनफूट. नकाशाप्रमाणे यात थोडं खाली-वर होईल. आता भाव धरू. खाली धरलेले भाव फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून आहेत, त्यांच्या जागी तुमच्या गावातल्या दुकानदाराचा आजचा भाव घाला. सिमेंट 360 रुपये पोतं, लोखंड 60 रुपये किलो, रेती घरपोच 6,000 रुपये ब्रास, गिट्टी 4,500 रुपये ब्रास, वीट 7 रुपये आणि सेंट्रिंगसह मजुरी चौरस फुटाला 350 रुपये. बेरीज 8 लाख 11 हजार होते. जोत्यात मुरूम भरणं आणि वाळवीचं औषध धरून साडेआठ लाख समजा. एवढ्यात भिंती, स्लॅब आणि प्लॅस्टर झालं, पण घर राहण्याजोगं झालेलं नाही.

टाइल्स 90 हजार, दारं-खिडक्या 1 लाख 20 हजार, वायरिंग 80 हजार, नळकाम आणि संडास-बाथरूम 1 लाख, रंग 80 हजार, स्वयंपाकघर 80 हजार. हे साडेपाच लाख मिळवले की 14 लाख होतात, म्हणजे चौरस फुटाला 1,750 रुपये. ठेकेदाराचा "सगळं धरून" भाव बहुधा इथेच संपतो.

पण घर इथे संपत नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा 60 हजार, बोअर आणि मोटर 1 लाख, आवारभिंत आणि फाटक 1 लाख 20 हजार, नकाशा, परवानगी, वीज मीटर मिळून 50 हजार. हे झाले 3 लाख 30 हजार. एकूण 17 लाख 30 हजारांवर 10 टक्के अडीअडचणीसाठी ठेवा, आकडा 19 लाखांवर जातो. 14 आणि 19 यांतला फरक आधी कागदावर दिसला तर घर लहान करता येतं. तो स्लॅबनंतर दिसला, तर सावकाराकडे जावं लागतं.

या हिशेबावरून आणखी एक गोष्ट कळते. सिमेंट पोत्यामागे 30 रुपयांनी महागलं तर खर्च साडेदहा हजारांनी वाढतो. लोखंड किलोमागे 5 रुपयांनी वाढलं तर 14 हजार. रेती ब्रासमागे 2,000 ने वाढली तर 30 हजार. आणि नकाशात 10 बाय 12 ची एक खोली वाढवली तर 2 लाख 10 हजार. लोक सिमेंटच्या ब्रँडवर तासभर घासाघीस करतात आणि खोली मात्र उभ्या उभ्या वाढवतात. खरी बचत नकाशातच होते. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीचं जुनं अंदाजपत्रक कुणी पुढे केलं तर ते नव्यानं करून मागा.

रेती आणि रोवणी

वैनगंगेच्या जिल्ह्यात रेती महाग का, असं बाहेरचा माणूस विचारतो. इथल्या माणसाला कारण ठाऊक आहे: घाटांचे लिलाव, वाहतूक, आणि पावसाळ्यात नदीतून रेती काढायला असलेली बंदी. जूनपासून पुढचे चार महिने साठ्यातली रेती मिळेल त्या भावाने घ्यावी लागते. त्यामुळे 15 ब्रासपैकी निदान प्लॅस्टरपर्यंतची रेती उन्हाळ्यातच आवारात आणून टाका आणि वाहतूक परवान्याची प्रत जपून ठेवा. विनापरवाना रेती थोडी स्वस्त पडते, पण गाडी पकडली गेली की काम थांबतं आणि दिलेली उचलही अडकते. घरकुल मंजूर असलेल्यांना राज्याच्या 2025 च्या रेती धोरणाप्रमाणे 5 ब्रासपर्यंत रेती मोफत मिळते. तहसील कार्यालयात त्याचा पास मागून घ्या.

मजुरांचं वेळापत्रक धानाशी बांधलेलं आहे. रोवणीत आणि कापणीत गवंड्याच्या हाताखालची माणसं शेतावर जातात, तेव्हा वाढीव रोजी देऊनही ती मिळत नाहीत. दिवाळीनंतर कापणी-मळणी उरकली की पाया खोदा, मार्चच्या आत स्लॅब टाका. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, त्या उन्हात टाकलेला स्लॅब दिवसभर ओला ठेवणं कठीण होतं. ओपीसी सिमेंटला निदान 7 दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या पीपीसीला निदान 10 दिवस पाणी मारायचं, असं भारतीय मानक सांगतं. कोरड्या, कडक उन्हात ते 14 दिवस मारणं शहाणपणाचं. बाहेरचा रंग मात्र पहिला पावसाळा जाऊ दिल्यावरच द्या. ओल कुठून येते ते एका पावसात कळतं.

जमीन आणि कागद

पायाचा खर्च जमिनीवर ठरतो, आणि या जिल्ह्यात ती चार पावलांवर बदलते. कन्हार, म्हणजे काळी भारी जमीन, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन वर्षांत खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा निघतात. बर्डीच्या मुरमाड जमिनीत हाच पाया कमी खर्चात होतो. नकाशा करण्याआधी पाच-सहा फुटांचा एक खड्डा खोदून इंजिनिअरला दाखवा. मुरूम किती खोल लागतो, त्यावर पायाचं अंदाजपत्रक बदलतं.

नदीकाठचा प्लॉट स्वस्त मिळाला म्हणून आनंदू नका. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरलं होतं, हे इथे कुणाला सांगायला नको. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन्ही नकाशावर पाहून घ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही, आणि दोन रेषांच्या मधे जोतं उंच घ्यावं लागतं. उंच जोतं म्हणजे मुरमाचे जास्तीचे ट्रॅक्टर आणि जादा भिंत. स्वस्त प्लॉटमध्ये वाचलेले पैसे तिथेच जातात.

ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. बँक मालकीची साखळी पाहते, त्यामुळे आखीव पत्रिका किंवा सातबारा, आणि असल्यास खरेदीखत हाताशी ठेवा. जागा शेतीची असून गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत असेल, तर वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. शहरात 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला 2020 च्या एकत्रित नियमावलीने परवानगी सोपी केली आहे. ठरलेली कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरली जाते. वडिलोपार्जित जागेवर भावाबहिणींची नावं असतील, तर संमतीचा कागद पायाच्या आधी करा. नात्यात कितीही गोडवा असला तरी बँकेला सही लागते.

घरकुल घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात 1 लाख 20 हजार मिळतात, राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली आहे, आणि त्यातले 15 हजार सौर संचासाठी आहेत. शौचालयाचे 12 हजार आणि मजुरी वेगळी. योजनेचं किमान घर 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 फुटांचं. वरच्याच भावाने तेवढं घर साडेचार लाखांच्या पुढे जातं. म्हणून योजनेच्या पैशावर 500 फुटांचा पाया खोदू नका. पहिले पैसे पायातच संपतात आणि पुढचा हप्ता काम त्या टप्प्याला पोचल्याशिवाय येत नाही. एक खोली आणि स्वयंपाकघर पूर्ण करा, वाढवायच्या बाजूला कॉलमच्या सळाखी सोडून ठेवा. शिवाय, पाडलेल्या कवेलूच्या घराची सागवानी दारं, चौकटी, मयाली जळणात घालू नका. सुतार त्यांना रंधा मारून नव्यासारखं करून देतो, आणि नवं सागवान घ्यायला गेलं की त्यांची किंमत कळते.

स्वयंपाकघर आधी ठरवा

घराच्या नकाशात स्वयंपाकघर सगळ्यांत शेवटी ठरतं, आणि ते ठरवणारा बहुतेक वेळा तिथे कधी उभा न राहणारा माणूस असतो. स्लॅबच्या आधी, घरात रोज रांधणाऱ्या बाईला विटांच्या रांगेशी उभं करून ओट्याची उंची ठरवा. हात कोपरात वाकवल्यावर कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा. पाच फूट उंचीच्या बाईला 32 इंच पुरतात, त्याहून उंच ओट्यावर खांदे दुखतात. ग्रॅनाइट बसल्यावर ओटा खाली आणायचा म्हणजे दगड फुटतो, टाइल्स उचकटतात आणि सिंकची पाइपलाइन पुन्हा करावी लागते.

धान पिकवणाऱ्या घरात वर्षभराचा तांदूळ साठवायचा असतो. कोठ्यांना जागा आधीच नकाशात द्या, आणि ती ओल धरणाऱ्या बाथरूमच्या भिंतीला लागून नको. पितळी गंज, घंगाळं, हंडे यांचं वजन भारी असतं, भंडाऱ्यात तर ते घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी कडप्प्याचा रॅक करा, ट्रॉलीत घालू नका. पाणी तापवायला, मोठा स्वयंपाक करायला सांदवाडीत चूल राहणार असेल तर तिच्यावर छपरी, पाण्याचा नळ आणि मोरी पहिल्याच नकाशात घ्या. नंतर तो खर्च दीडपट होतो.

विजेचे पॉइंट मोजून लिहा: फ्रिज, मिक्सर, इंडक्शन, पाण्याचं फिल्टर, एक्झॉस्ट, आणि दोन रिकामे. इंडक्शनसारख्या जड उपकरणाला 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि वेगळी तार हवी. वरच्या हिशेबातले 80 हजार हे 12 फूट ग्रॅनाइटचा ओटा, भिंतीच्या टाइल्स, सिंक आणि साध्या स्टीलच्या ट्रॉल्यांचे आहेत. मॉड्युलर हवं असेल तर ते दुप्पट-तिप्पट धरा, आणि भाव धावत्या फुटाचा आहे की चौरस फुटाचा, त्यात ओट्याचा दगड आणि बिजागरी आहेत की नाहीत, हे विचारा. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चा शिक्का असलेलं प्लायवूडच लावा. एमडीएफ पाण्याने फुगतं, मग तेवढा भाग बदलून भागत नाही. वास्तूचं ज्या घरात पाळलं जातं तिथे चूल आग्नेयेला की कुठे, हे थोरांना नकाशा पसरण्याआधीच विचारून घ्या.

कर्ज आणि करार

30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक खर्चाच्या जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, बाकी पैसे तुमचे. साडेआठ टक्के व्याजाने 10 लाख घेतले तर 20 वर्षांचा हप्ता सुमारे 8,680 रुपये, 15 वर्षांचा 9,850. महिन्याला 1,170 रुपये जास्त भरले की एकूण व्याजात 3 लाखांहून अधिक वाचतात. धानावर घर चालत असेल तर उत्पन्न वर्षातून एक-दोनदाच येतं, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. कापणीनंतर सहा हप्त्यांची रक्कम बाजूला काढूनच बाकीचा खर्च करा.

ठेकेदाराशी करार लेखी करा, नात्यातला असला तरी. मोजमाप भिंतीच्या बाहेरून की आतून, छपरी आणि जिना अर्धे धरायचे की पूर्ण, सेंट्रिंगच्या पाट्या कुणाच्या, पाणी कोण मारणार, विजेचं बिल कुणाचं, काम कधी संपणार, हे सगळं त्यात हवं. लोखंड आलं की दोन-चार सळाखी तोलून पाहा. 12 मिलिमीटरची 12 मीटर सळाख साधारण 10.7 किलो भरली पाहिजे. पैसे जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लॅस्टर आणि फिनिशिंग असे पाच टप्प्यांत द्या, टप्पा पूर्ण झाल्यावरच, आणि प्रत्येक वेळी पावती घ्या. शेवटचे 5 टक्के पहिला पावसाळा जाऊन स्लॅब गळत नाही हे दिसल्यावर द्यायचे, हेही त्याच करारात लिहून घ्या.