एका अक्षराचे अंतर : ‘हायपो’ आणि ‘हायपर’

दवाखान्याच्या कागदावर लांबलचक इंग्रजी शब्द दिसला की, तो आपल्यासाठी नव्हेच असे पुष्कळजण समजतात. तथापि मधुमेहाच्या संदर्भातील दोन शब्दांमधील भेद रुग्णाच्या घरातील प्रत्येकास ठाऊक असणे अगत्याचे आहे. ते शब्द म्हणजे ‘हायपोग्लायसीमिया’ आणि ‘हायपरग्लायसीमिया’.

पहिल्या शब्दाची फोड हाय-पो-ग्लाय-सी-मि-आ अशी सहा उच्चारघटकांत होते. मुख्य आघात चौथ्या, म्हणजे ‘सी’ या घटकावर येतो. दुसऱ्या शब्दात ‘पो’च्या जागी ‘पर’ येतो, एवढाच काय तो फरक. या घटकावर आघात नसल्याने घाईच्या बोलण्यात तो अस्पष्ट ऐकू येतो.

या शब्दांची घडण ग्रीक आहे. ‘हायपो’ म्हणजे खाली व ‘हायपर’ म्हणजे वर. ‘ग्लायकिस’ म्हणजे गोड. ‘ग्लुकोज’ हा शब्द याच कुळातील. ‘हायमा’ म्हणजे रक्त; ‘ॲनिमिया’ व ‘हीमोग्लोबिन’ या शब्दांतही तेच आहे. अखेरचा ‘इया’ हा प्रत्यय अवस्था दर्शवितो. म्हणजेच रक्तातील साखर खाली जाणे, अथवा वर जाणे, असा सरळ अर्थ निघतो.

विशेष म्हणजे ही उपपदे आपणांस परकी नाहीत. ग्रीक ‘हायपो’ व संस्कृत ‘उप’, तसेच ‘हायपर’ व ‘उपरि’, हे सगोत्र शब्द होत. ‘उपजिल्हाधिकारी’ व ‘उपरिनिर्दिष्ट’ हे शब्द कार्यालयात नित्य वापरले जातात. ही जोडी ध्यानी ठेवल्यास गोंधळ होणार नाही.

हा गोंधळ टाळणे का आवश्यक, हे उपचारावरून स्पष्ट होईल. साखर वाढलेली असता गोड वर्ज्य. परंतु ती १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास घाम, कंप, धडधड व भ्रम ही लक्षणे दिसतात. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असल्यास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन लहान चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी व ती कमीच असल्यास तोच उपाय पुन्हा करावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडातून काहीही न देता त्यास त्वरित रुग्णालयात न्यावे. इन्सुलिन मात्र अशा वेळी देऊ नये. त्याने साखर आणखी उतरते.

शिक्षकांनी हे दोन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून विद्यार्थ्यांकडून मोठ्याने वदवून घ्यावेत. ते ज्ञान घरोघरी पोहोचेल.